इन्स्टॉलरमध्ये नेटवर्क: ऑटोमॅटिक कधी, मॅन्युअल कधी

लिनक्स टाकताना भाषा झाली, कीबोर्ड झाला, की इन्स्टॉलर नेटवर्ककडे वळतो. वायर लावलेली असेल आणि राउटर चालू असेल, तर पडद्यावर एक पट्टी सरकते आणि पुढचा प्रश्न थेट मशीनच्या नावाचा येतो. मधे काय घडले हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पट्टी अडकली की मात्र घाई सुरू होते. ‘ऑटो होत नाही, मॅन्युअल टाक’ म्हणत कुणीतरी आठवणीतला आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) ठोकतो, इन्स्टॉलर तो निमूट घेतो, आणि बऱ्याच वेळाने पॅकेजेस उतरवायची वेळ आली की सगळे काम ठप्प होते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ऑटोमॅटिक, म्हणजे मशीनला पत्ता आपोआप मिळणे, जमले नाही, तर ते का जमले नाही हे शोधायचे. मॅन्युअल, म्हणजे पत्ता हाताने टाकणे, हा त्यावरचा इलाज क्वचितच असतो. मॅन्युअल वेगळ्या गरजेसाठी आहे, आणि ती गरज कोणती हे पुढे येईलच.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार (सपोर्ट) संपला आणि विंडोज ११ न चालणारी बरीच जुनी मशीन्स लिनक्सवर नेली जात आहेत. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल कारखान्यांची ऑफिसे असोत, नवी पेठेतले हिशेबनीस असोत किंवा शाळांच्या कॉम्प्युटर लॅब, मशीन तीच ठेवून आतली सिस्टीम बदलायची, हा विचार सगळीकडे आहे. लिनक्सच्या प्रकारांपैकी लेखात डेबियन मध्यभागी ठेवले आहे. उबुंटू सर्व्हर आणि फेडोरा हे दुसरे दोन प्रकार जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

एक सूचना: इथे आयपीचे अंक देवनागरीत छापले आहेत. इन्स्टॉलरमध्ये टाकताना इंग्रजी अंकच टाका.

मशीनसमोर बसण्याआधी

पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी त्या जागेचे नेटवर्क नीट बघून घ्या. फायबरची वायर कुठल्या बॉक्सला येते? तोच बॉक्स वाय-फाय देतो की त्यापुढे वेगळा राउटर आहे? राउटरमधून निघालेली वायर कुठल्या स्विचला (अनेक मशीन्सच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला) जाते? कारखान्यात हा स्विच अनेकदा लूमच्या शेडमध्ये, सुताच्या तंतूंनी माखलेला, कपाटामागे सापडतो. तो शोधून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग तिथल्या एखाद्या चालू मशीनवरून चार गोष्टी वहीत उतरवा: त्याचा आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग आपल्या नेटवर्कचा, म्हणजे सबनेटचा, हे सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जायचे दार, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर). समजा पत्ता १९२.१६८.१.१०७, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१ आहे. आता ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरचे पान उघडा आणि डीएचसीपीचा (मशीन्सना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीचा) पट्टा, म्हणजे वाटायच्या पत्त्यांची हद्द, कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० असे काही दिसेल. हा पट्टा माहीत नसताना कुणालाही फिक्स (कायमचा ठरलेला) आयपी देऊ नका. राउटरचा पासवर्ड मालकाला आठवत नसेल, तर इन्स्टॉलेशनच्या आधी तो मिळवणे हेच त्या दिवसाचे पहिले काम.

ऑटोमॅटिकमध्ये नेमके काय होते

नवीन मशीनकडे पत्ता नसतो, म्हणून ते नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देते: पत्ता देणारे कुणी आहे का? राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, मशीन तो मागून घेते आणि सर्व्हर पक्का करतो. ही चार संदेशांची देवाणघेवाण यूडीपी या संदेश-पद्धतीच्या ६७ आणि ६८ या पोर्टांवर (ठरलेल्या क्रमांकांवर) चालते. आज वापरात असलेला नियम १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमपत्रातला आहे. पत्त्यासोबत मास्क, गेटवे, डीएनएस आणि मुदतही मिळते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉलला जागा मिळते ती यात्रेपुरती. हा पत्ताही तसाच मुदतीपुरता असतो. फरक एवढाच, की मुदत संपण्याआधी मशीन स्वतःच ती वाढवून घेते.

डेबियनचा इन्स्टॉलर हे सगळे न विचारता करतो आणि जमले तर काही बोलत नाही. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलरही आधी ऑटोमॅटिकच करतो, पण मिळालेला पत्ता कार्डाच्या नावासमोर दाखवतो आणि बदलायची सोय तिथेच देतो. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते. काय मिळाले ते डोळ्यांना दिसले की चुकीचा पत्ता तिथल्या तिथे पकडता येतो. फेडोरा सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये नेटवर्कचे पान मुख्य यादीतून उघडावे लागते. तिथे कार्डाच्या बाजूला चालू-बंदचे बटण असते. नेट लागत नसेल तर आधी ते बटण बघा.

डेबियनमध्ये क्रमाने

पहिली पायरी वायरची. शक्य असेल तर इन्स्टॉलेशन वायरवरच करा. वाय-फायने होते, पण त्यात कार्डाचे फर्मवेअर (कार्ड चालण्यासाठी त्यात भरायचा छोटा प्रोग्रॅम), नेटवर्कचे नाव, पासवर्ड असे तीन धागे वाढतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर असते, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. कुणाच्या खणात त्याआधीचा पेनड्राइव्ह पडून असेल तर तो पुसून नवा बनवा. वायर लांब पडत असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा इन्स्टॉलरला फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि फोनच पत्ता देतो. फक्त डेटा पॅकवर लक्ष ठेवा.

दुसरी पायरी कार्ड निवडण्याची. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त कार्डे असतील तरच हा प्रश्न येतो. ‘ईएन’ने सुरू होणारे नाव वायरच्या कार्डाचे, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारे वाय-फायचे.

तिसरी, इन्स्टॉलर पत्ता मागतो. ही पट्टी सरकत असताना रद्द करायचे बटण असते.

चौथी, मशीनचे नाव. इथे ‘डेबियन’ तसेच ठेवू नका. लॅबमधल्या सगळ्या मशीन्सचे नाव एकच असले तर राउटरच्या यादीत कुठले मशीन कुठले हे कळत नाही. ‘लॅब-०७’, ‘बिलिंग’, ‘गोडाऊन’ यासारखी नावे द्या. टाकायची इंग्रजी लिपीत. अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालते. डोमेनचा रकाना छोट्या ऑफिसात मोकळा सोडला तरी चालतो.

ऑटोमॅटिक यशस्वी झाले असले तरी तुम्हाला मॅन्युअलच हवे असेल, तर या नावाच्या पानावर ‘मागे जा’ दाबा. नेटवर्क कसे लावायचे याची यादी उघडते. ही वाट पडद्यावर कुठेही लिहिलेली नाही, म्हणून अनेकांना ती माहीत नसते. दुसरी वाट म्हणजे सुरुवातीच्या मेनूतून एक्स्पर्ट इन्स्टॉल निवडणे. तिथे ऑटोमॅटिक करू का, हे आधी विचारले जाते.

पट्टी अडकली तर

डेबियन चार पर्याय पुढे ठेवतो: पुन्हा ऑटोमॅटिक करून बघा, मशीनचे नाव देऊन पुन्हा ऑटोमॅटिक करून बघा, मॅन्युअल करा, किंवा आत्ता नेटवर्क लावूच नका. पहिल्या पर्यायावर बोट ठेवण्याआधी उठून मशीनच्या मागे जा.

लॅन पोर्टचा दिवा लागला आहे का? नसेल तर वायर, तिची टोके किंवा स्विचचा पोर्ट यांपैकी एकात दोष आहे. आरजे-४५ चे, म्हणजे लॅन वायरीचे प्लास्टिकचे, टोक नीट क्रिम्प झालेले (दाबून बसलेले) नसेल तर कधी दिवा लागतो, कधी नाही. चालू मशीनची वायर काढून इथे लावून बघा. एका मिनिटात निकाल लागतो. दिवाच लागत नसेल तर मॅन्युअलने काहीही होणार नाही, कितीही बरोबर आकडे टाकले तरी.

दिवा आहे, पण पत्ता येत नाही? नुकतीच लाईट जाऊन आली आहे का, ते विचारा. मशीन लवकर उठते, फायबरचा बॉक्स आणि राउटर मागाहून उठतात. इन्स्टॉलरने हाक दिली तेव्हा उत्तर द्यायला कुणी नव्हते, एवढेच झालेले असते. दोन-तीन मिनिटे थांबून पहिला पर्याय घ्या. कॉलेजात किंवा मोठ्या ऑफिसात मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर आणखी एक गोष्ट घडते: नेटवर्कमध्ये कुठे गोल फिरती जोडणी झालेली नाही ना, हे तपासण्यासाठी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत चालू असलेला स्विच नव्याने जोडलेला पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद अडवून ठेवू शकतो. तोवर इन्स्टॉलरचा धीर सुटलेला असतो. इथेही पुन्हा प्रयत्न करणे एवढाच उपाय.

शेजारच्या विंडोज मशीनचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्यालाही पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. दोष नव्या मशीनचा नाही, डीएचसीपीच बंद आहे किंवा मधली वायर तुटली आहे.

पट्टा भरला असेल हेही शक्य आहे. राउटरवर ५० पत्त्यांचा पट्टा आणि मुदत २४ तासांची, आणि पाळीतल्या प्रत्येक कामगाराच्या फोनमध्ये वाय-फायचा पासवर्ड. दिवसपाळीचे फोन घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकून राहतात. पट्टा वाढवा, मुदत कमी करा. कामगारांसाठी वेगळे गेस्ट वाय-फाय करणे सगळ्यात उत्तम.

राउटरच नसेल आणि केबलवाल्याची वायर थेट मशीनला येत असेल, तर बहुधा ती जोडणी युजरनेम-पासवर्ड मागणारी, म्हणजे पीपीपीओई असते. साधे डीएचसीपी तिथे चालणार नाही. एक स्वस्त राउटर मधे घाला, युजरनेम-पासवर्ड त्यात टाका आणि मोकळे व्हा.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. ऑटोमॅटिक यशस्वी होते, पत्ता मिळतो, पण नेट नाही. कुणीतरी पोर्ट कमी पडले म्हणून जुना वाय-फाय राउटर स्विच म्हणून जोडलेला असतो आणि त्यातला डीएचसीपी चालूच राहिलेला असतो. आता दोन सर्व्हर पत्ते वाटतात; ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो. वहीतला गेटवे १९२.१६८.१.१ आणि नव्या मशीनला मिळालेला १९२.१६८.०.१ असेल, तर तो जुना राउटर शोधून त्यातला डीएचसीपी बंद करा.

मॅन्युअल खरोखर कुठे लागते

ज्या नेटवर्कमध्ये मुद्दाम डीएचसीपी ठेवलेले नाही तिथे, उदाहरणार्थ फक्त मशिनरीच्या कंट्रोलरसाठी वेगळी काढलेली वायरिंग. विद्यापीठ, बँक किंवा सरकारी कार्यालय, जिथे आयटी विभाग प्रत्येक मशीनला पत्ता लिहून देतो. आणि जे मशीन स्वतःच इतरांना पत्ते वाटणार आहे, ते. बिलिंगचा सर्व्हर आणि प्रिंटर यांनाही कायमचा पत्ता हवा असतो, पण त्यांच्यासाठी चांगली सोय पुढे सांगतो.

मॅन्युअलमध्ये लक्षात ठेवायची मुख्य बाब ही, की इन्स्टॉलर तुमचे आकडे खरे आहेत की नाही हे प्रत्यक्ष तपासत नाही. गेटवे तुमच्याच सबनेटमध्ये बसतो का, एवढे गणित डेबियन करतो आणि बसत नसेल तर इशारा देतो. त्या पत्त्यावर खरोखर राउटर आहे का, तोच पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे बघणे तुमच्याकडे.

पत्ता निवडताना तो राउटरच्या पट्ट्याबाहेरचा घ्या. वरच्या उदाहरणात १९२.१६८.१.२० चालेल, १९२.१६८.१.१२० चालणार नाही. आज तो मोकळा असेल, उद्या राउटर तोच एखाद्या फोनला देईल आणि मग बिलिंग मधूनच बंद पडेल, मधूनच चालू होईल. हा दोष शोधायला फार वेळ जातो. निवडलेला पत्ता आधी दुसऱ्या मशीनवरून पिंग करा, म्हणजे त्याला हाक देऊन उत्तर येते का ते बघा. उत्तर आले नाही म्हणून तो मोकळा आहे असे लगेच धरू नका, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देत नाही. पिंगनंतर त्याच मशीनवर एआरपीची यादी (कुठला आयपी कुठल्या कार्डाकडे आहे याची नोंद) बघा. तिथे तो पत्ता कुठल्या मॅकसोबत (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासोबत) दिसला तर तो कुणाचा तरी आहे.

मास्क वहीत लिहिला तसाच. उबुंटू सर्व्हर इथे वेगळा आहे: तो मास्क मागत नाही, संपूर्ण सबनेट मागतो, १९२.१६८.१.०/२४ या रूपात (/२४ म्हणजेच २५५.२५५.२५५.० हा मास्क). त्या रकान्यात २५५.२५५.२५५.० लिहिले की तो अडून बसतो. तिथे पर्याय तीन: ऑटोमॅटिक, मॅन्युअल, बंद. फेडोरा सर्व्हरमध्ये कॉन्फिगरमध्ये जाऊन आयपीव्ही४ च्या पानावर मेथड बदलायची.

गेटवे म्हणजे राउटरचा आतला पत्ता. केवळ मशिनरीच्या नेटवर्कसाठी तो मोकळा सोडता येतो. बाहेर जायचेच नाही तर दार कशाला.

डीएनएसच्या रकान्यात डेबियन तीनपर्यंत पत्ते घेतो, मधे स्वल्पविराम न देता नुसती मोकळी जागा सोडून. उबुंटू सर्व्हरमध्ये स्वल्पविराम द्यायचा. राउटरचाच पत्ता चालतो, सोबत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकता येतो. कॉलेज किंवा बँकेच्या आत मात्र त्यांनी दिलेलाच डीएनएस टाका, नाहीतर आतली संकेतस्थळे उघडणार नाहीत.

लगेच पडताळणी

पुढचे पान येण्याआधी डेबियनमध्ये दुसरा कन्सोल (आदेश टाइप करायचा वेगळा पडदा) उघडा. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२, साध्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ२. एंटर दाबले की शेल, म्हणजे आदेश टाइप करायची जागा, मिळते. परतायला ग्राफिकलमध्ये ऑल्ट-एफ५, साध्यात ऑल्ट-एफ१. एफ४ वर इन्स्टॉलरचा लॉग (घडामोडींची नोंद) वाहत असतो. डीएचसीपीला उत्तर आले की नाही ते तिथे लिहिलेले असते.

शेलमध्ये क्रमाने तीन पिंग करा. आधी गेटवे, मग ८.८.८.८, मग एखाद्या संकेतस्थळाचे नाव. गेटवेच उत्तर देत नसेल तर दोष वायर, पत्ता किंवा मास्कमध्ये. गेटवे ठीक आणि ८.८.८.८ गप्प असेल तर तुमचे काम बहुधा बरोबर आहे, बाहेरची लाइन बंद आहे. नेटवाल्याला फोन करा. दोन्ही ठीक आणि नाव सापडत नसेल तर डीएनएस चुकला. हा क्रम उलटा केला तर काहीच कळत नाही. ब्राउझर उघडून ‘नेट नाही’ म्हणणे म्हणजे हे तीनही दोष एका पोत्यात घालणे.

नेटच बंद असेल आणि थांबायला वेळ नसेल, तर चौथा पर्याय, ‘आत्ता नेटवर्क नको’, वापरता येतो. पण नेटइन्स्टॉलच्या छोट्या पेनड्राइव्हवरून तसे केले तर फक्त मूळ सिस्टीम बसते, डेस्कटॉप नाही. अशा ठिकाणी मोठी डीव्हीडीची किंवा लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणारी) प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, घेऊन जा.

फिक्स आयपी हवा, पण मशीनवर नको

आता ती चांगली सोय. मशीन ऑटोमॅटिकवरच ठेवा आणि राउटरच्या पानावर त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवा. राउटरमध्ये याला अॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज म्हणतात. मशीनला दर वेळी तोच पत्ता मिळतो, आणि उद्या राउटर बदलला तर सगळ्या मशीन्सवर फिरायची गरज नाही, नव्या राउटरवर यादी पुन्हा भरली की झाले. मदरबोर्ड किंवा लॅन कार्ड बदलले तर मॅक बदलतो, तेव्हा ती एक नोंद नवी करावी लागते.

दुरुस्तीवाल्यांसाठी तर ही पद्धत सक्तीची मानावी. इन्स्टॉलरमध्ये टाकलेले मॅन्युअल आकडे बसवलेल्या सिस्टीममध्ये तसेच उतरतात. मशीन दुकानात तयार केले, दुकानाचे नेटवर्क १९२.१६८.०, आणि ते चिंचोळी एमआयडीसीत गिऱ्हाइकाच्या १९२.१६८.१ वर नेऊन लावले, की नेट लागत नाही. ऑटोमॅटिक ठेवलेले मशीन कुठेही वायर लावा, चालते.

इतरांसाठी पेनड्राइव्ह बनवताना

लॅबच्या तीसेक मशीन्ससाठी उत्तरे आधीच भरलेला पेनड्राइव्ह बनवता येतो. डेबियनमध्ये त्याला प्रीसीड म्हणतात, फेडोरात किकस्टार्ट. दोन्हींत नेटवर्क ऑटोमॅटिकच लिहा. ठरावीक आयपी त्या फाइलमध्ये घातला, तर दुसरे मशीन बसवताच दोघांची टक्कर होणार.

मॅन्युअलची वाट मात्र बंद करू नका. ऑटोमॅटिक फसले तर प्रश्न विचारला गेला पाहिजे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आधी भरून ठेवू नका. जिथे कायम मॅन्युअलच लागते अशा कार्यालयासाठी ‘डिसेबल ऑटोकॉन्फिग’ हा पर्याय बूट ओळीत (इन्स्टॉलर सुरू होतानाच्या आदेशाच्या ओळीत) घाला, म्हणजे पट्टी फुकट फिरत नाही आणि सरळ आकड्यांचे पान येते. आणि एक पेच: प्रीसीडची फाइल नेटवर्कवरून आणत असाल तर नेटवर्कची उत्तरे तिच्यात लिहून उपयोग नाही, कारण ती येते तोवर नेटवर्क लागलेले असते. ती उत्तरे बूट ओळीतच द्यावी लागतात, किंवा फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी लागते.

डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीतही चालतो. शिक्षक स्वतः बसवणार असतील तर जरूर मराठी निवडा. फोनवरून कुणाला समजावून सांगायचे असेल तर मी इंग्रजी ठेवायला सांगतो. दोन्ही बाजूंना तोच शब्द दिसला की काम लवकर होते.

सोपवण्याआधी

सिस्टीम बसली, नेट चालले, म्हणून निघू नका. मशीन, स्विच आणि राउटर तिन्हींचा वीजपुरवठा बंद करा आणि एकदम चालू करा. लाईट जाऊन आल्यावर रोज हेच होणार आहे. मशीन पाच मिनिटांत स्वतःहून नेटवर आले का, बिलिंग सर्व्हरला राखलेलाच पत्ता मिळाला का, दुसऱ्या मशीनवरून त्याचे शेअर केलेले फोल्डर आणि प्रिंटर दिसतात का, हे बघा. जमले नाही तर राउटर आणि फायबरच्या बॉक्सला छोटा यूपीएस लावून द्या. मग मशीनचे नाव, मॅक, राखलेला आयपी आणि तारीख कागदावर लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा. चिकटपट्टी रुंद घ्या. शेडमधल्या धुळीत अरुंद पट्टी टिकत नाही.